शिळेवरचा घाम

पूर्वी अंजनपूर नगरात महीधर नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका वैद्याच्या घरी जन्म घेतला होता. त्या जन्मी त्यांचा हातखंडा होता तो घाम आणणाऱ्या औषधांत. ती हकीकत मी सांगणारच आहे. पण शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ती कोणत्या निमित्ताने सांगितली, हे आधी ऐकून घ्या, नाहीतर शेवटची सगळी गोडी जाईल.

झाले असे, की विहारात आजारी भिक्षूंसाठी ठेवलेले मधाचे गाडगे एके दिवशी सापडेना. उत्पला नावाच्या उपासिकेने ते मोठ्या श्रद्धेने आणून दिले होते. कोठाराची व्यवस्था सुमंगल या भिक्षूकडे होती. सुमंगल माणूस सरळ आणि कष्टाळू, पण डोके जरा तापट. त्याने सगळ्यांना अंगणात बोलावले आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली. नंदिक नावाच्या भिक्षूला तेव्हा सर्दीने बेजार केले होते, म्हणून तो जंताघरात बसला होता. जंताघर म्हणजे भिक्षूंची वाफ घेण्याची खोली. हाक ऐकून तो बिचारा तसाच बाहेर आला. कपाळावरून, मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"पाहा, पाहा!" सुमंगल ओरडला. "मधाचं नाव काढल्याबरोबर कसा घाम फुटला! आणखी कसला पुरावा हवा?"

शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध भिक्षूनेही मान डोलावली. नंदिकाने बोलायला तोंड उघडले, पण सगळ्यांचे डोळे आपल्यावर खिळलेले पाहून तो गप्पच राहिला. तेवढ्यात शास्ते तिथून चालले होते. ते थांबले आणि जंताघराच्या पायरीवर बसले.

"सुमंगला," ते म्हणाले, "घाम पाहून निवाडा करायची तुझी ही पहिली वेळ नव्हे." आणि त्यांनी ही मागच्या जन्मीची कथा सांगितली.

अंजनपूर नदीच्या काठी वसले होते. उन्हाळा असा कडक, की दुपारी कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायचा कंटाळा करीत. राजवाड्याखाली मात्र एक तळघर होते. नदीचे पाणी त्याच्या भिंतीला लागून वाहायचे, दारांना वाळ्याचे ओले पडदे असायचे, आणि भर वैशाखातही तिथे अंगावर काटा यायचा. या तळघराच्या मधोमध एक काळी शिळा होती. महीधर राजाच्या आजोबांनी नियम घालून दिला होता, की ज्याच्यावर आळ आला त्याला या शिळेवर बसवायचे आणि पुरोहिताने त्याला प्रश्न विचारायचे. एवढ्या थंडाव्यातही ज्याच्या कपाळाला घाम फुटेल, तो गुन्हेगार. त्याला संध्याकाळच्या होडीने नदीपार सोडून द्यायचे, आणि त्याने पुन्हा कधी अंजनपुरात पाऊल टाकायचे नाही.

आता खोटे बोलणाऱ्याला घाम फुटतो, हे आपण सगळेच पाहतो. त्यामुळे तो नियम कोणाला खटकला नाही. पण त्याचा परिणाम मात्र विचित्र झाला. अंजनपुरातले लोक घामालाच भिऊ लागले. डोक्यावर पोती घेतलेला हमालसुद्धा आधी कपाळ पुसायचा आणि मगच 'रामराम' करावा तसा हात जोडायचा. बाजारात कोणाच्या नाकावर थेंब दिसला, की बाकीचे एकमेकांना कोपराने ढोसायचे. लग्नाच्या बोहल्यावर नवऱ्यामुलाला दोन्ही बाजूंनी वारा घालायला माणसे उभी राहायची. हसू नका. रोज पाहिले, की काहीही योग्यच वाटू लागते.

अशा गावात घामाची औषधे देणारा वैद्य! लोक बोधिसत्त्वांकडे यायचे, पण मागल्या दाराने. सुंठ, मिरी, पिंपळी, तुळस आणि निर्गुडीचा पाला एकत्र उकळून ते जो काढा करीत, त्याला तोड नव्हती. सांधे धरले असतील तर एरंडाची पाने गरम करून शेक द्यायचे. छाती भरली असेल तर वेखंड उगाळून लावायचे आणि वाफ द्यायचे. पण कोणालाही सरसकट नाही. आधी जीभ पाहायची, हात पाहायचा, खाल्लेस का, पाणी प्यालास का, विचारायचे. तहानेने व्याकूळ झालेल्याला, उपाशी माणसाला, पोटुशी बाईला तो काढा ते कधी देत नसत.

"वैद्यराज, दुसरं काही नाही का हो?" रोगी कुजबुजत विचारायचे. "घाम न येता बरं होईल असं?"

"अरे, ताप आत कोंडलाय," बोधिसत्त्व म्हणायचे. "त्याला बाहेर जायला दार नको का उघडून द्यायला?"

त्यांची बायको भद्रा फार मिश्किल होती. ती सुंठ कुटता कुटता म्हणायची, "अहो, चोर सोडून सगळ्या गावाला तुम्हीच घाम फोडता, बाई!"

बोधिसत्त्वांची एक इच्छा मात्र अपुरी होती. निर्गुडी आणायला त्यांना लांबच्या टेकड्यांवर जावे लागे, आणि उन्हाळ्यात तिथला पाला करपून जाई. नदीकाठी राजाचे एक आवार नुसते पडून होते. काळी माती, बाराही महिने ओल. तिथे औषधी झाडे लावायला मिळाली तर गावातल्या कोणाला औषधावाचून परत पाठवावे लागणार नाही, असे त्यांना वाटे. आणि योग असा, की राजाने त्यांना राजवैद्य नेमायचे ठरवले होते. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी संध्याकाळी पद आणि ते आवार, दोन्ही मिळायचे होते. नवराबायकोंनी बसून मनातल्या मनात सगळे आवार लावूनही टाकले होते. कुंपणाला निर्गुडी, पाण्याजवळ वेखंड, आणि भद्राच्या हट्टासाठी दाराशी तुळशीचा मोठा वाफा.

त्याच दिवशी सकाळी सारंग माळ्याच्या घरून बोलावणे आले. सारंग राणीला रोज फुले पोचवायचा. अंगात सणसणून ताप, हातपाय मोडून आलेले, त्वचा अगदी कोरडी. बोधिसत्त्वांनी त्याला तपासले, आधी पेज घ्यायला लावली, मग काढा पाजला आणि अंगावर घोंगडी घातली.

"कनके," ते त्याच्या बायकोला म्हणाले, "दुपारी त्याला दरदरून घाम येईल. घाबरायचं नाही. कोरड्या कापडाने पुसत राहा. आणि काही झालं तरी त्याला वारं लागू देऊ नकोस. घामाच्या अंगाला वारं लागलं, तर ताप उलटेल आणि जिवावर बेतेल."

"दाराला फटसुद्धा ठेवत नाही, वैद्यबाबा," कनकी म्हणाली.

बोधिसत्त्व घरी आले, जेवले, आणि उन्हात वाळत घातलेली पिंपळी उलटीपालटी करीत बसले. तेवढ्यात कनकीच धावत आली. तिच्या पायांत वहाणा नव्हत्या.

"नेलं हो, नेलं त्यांना!" ती दारातच खाली बसली. "राणीसाहेबांचा सोन्याच्या दांड्याचा पंखा हरवलाय म्हणे. महालात रोज जाणारा बाहेरचा माणूस कोण, तर सारंग. आणि दोन दिवस फुलं घेऊन आला नाही, म्हणजे पंखा घेऊन लपला! अहो, तो तापानं फणफणलेला! शिपाई ऐकेचनात. घोंगडीसकट उचलून शिळेवर नेऊन बसवलं, आणि..."

"आणि घाम आला," बोधिसत्त्व म्हणाले.

"धो धो आला!" कनकी रडू लागली. "पुरोहितांनी नुसतं नाव विचारलं तर हनुवटीवरून थेंब पडायला लागले. आता संध्याकाळच्या होडीनं नदीपार सोडणार. नदीवरचं वारं कसं असतं ठाऊक आहे ना तुम्हाला? तो पलीकडे पोचायचाच नाही."

औषध बरोबर होते, मात्रा बरोबर होती, आणि घाम अगदी सांगितल्या वेळेला आला होता. त्यांनी वनस्पतींची पिशवी खांद्याला लावली आणि एक जाड शाल काखोटीला मारली. भद्राने त्यांच्या मनातले ओळखले. तिने शेगडी आणि भांडे कनकीच्या हातात दिले आणि म्हणाली, "जा. आवाराचं काय व्हायचं ते होईल."

तळघराच्या जिन्यातच पुरोहित पिंगल भेटला. पिंगल दुष्ट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनी याच शिळेपाशी उभे राहून प्रश्न विचारले होते, आणि शिळा चुकते असे त्याला स्वप्नातही वाटले नव्हते.

"वैद्यराज, तुम्ही इथं?" तो म्हणाला. "संध्याकाळच्या समारंभाला अवकाश आहे अजून."

"सारंगाला मी घामाचा काढा दिला होता. तेच सांगायला आलोय."

पिंगलाने त्यांना बाजूला घेतले. "हे पाहा, तुमच्या भल्याचं सांगतो. उद्या जो पकडला जाईल तो म्हणेल, मी काढा घेतला होता. मग शिळेचं राहिलं काय? महाराजांच्या आजोबांचा नियम आहे हा. आज संध्याकाळी आवार तुमच्या पदरात पडतंय. एका माळ्यासाठी आजच हे उकरून काढायलाच हवं का? निदान उद्या बोला."

बोधिसत्त्व क्षणभर थांबले. ते थांबलेच नाहीत, असे मी सांगणार नाही. कुंपणाची निर्गुडी, पाण्याजवळचा वेखंड, दाराशी तुळशीचा वाफा, सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. मग ते म्हणाले, "उद्या सारंग नसेल, पिंगला. झाडं लावायची ती माणसं बरी करायला. माणूस घालवून मिळालेल्या जमिनीत मी लावू तरी काय?" आणि ते पडदा सारून आत गेले.

आत न्यायसभा भरली होती. समोर राजाचे आसन, त्यावर जाड लोड, आणि मधोमध शिळेवर सारंग कुडकुडत बसलेला. घोंगडी बाजूला काढून टाकली होती, कारण घाम दिसायला हवा ना! बोधिसत्त्वांनी राजाला नमस्कारही केला नाही. ते सरळ शिळेपाशी गेले, सारंगाला कोरड्या कापडाने पुसले, शाल गुंडाळली, आणि हाताला धरून त्याला कोपऱ्यातल्या चटईवर नेऊन बसवले. सभा आ वासून पाहत राहिली. निवाडा पुरा होण्याआधी शिळेवरून कोणाला उठवल्याचे आजवर कोणी पाहिले नव्हते.

"वैद्यराज!" राजा गरजला. "हे काय चाललंय?"

तेव्हा बोधिसत्त्वांनी हात जोडले. "क्षमा असावी, महाराज. नमस्कार थोडा उशिरा पोचला तरी चालतो, कोरडं कापड चालत नाही. या माणसाला सकाळी मी घामाचं औषध दिलं होतं. शिळेवर आला तो माझ्या काढ्याचा घाम होता."

राजा महीधर न्यायी होता आणि डोक्यानेही बरा होता. तो विचार करून म्हणाला, "समजा, काढा घेतला. पण काढाही घेतला आणि पंखाही घेतला, असं नसेल कशावरून?"

"असू शकेल, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "सारंग निर्दोष आहे, असं मी म्हणतच नाही. मला ते ठाऊक नाही. घामालाही ते ठाऊक नसतं, एवढंच माझं म्हणणं आहे. पटत नसेल तर पारख करून पाहू. मी इथेच, सगळ्यांसमोर काढा करतो. आधी मी घेतो. मग ज्याच्या निर्दोषपणाविषयी कोणाला शंका नाही, अशा कोणीतरी घ्यावा."

"घाम येणार म्हणता?"

"दरदरून येणार. आधीच सांगून ठेवतो."

"निष्पापाला इथे घाम येणं शक्य नाही!" पिंगल ठामपणे म्हणाला. "महाराज, मी घेतो. शिळेवर बसून घेतो."

राजाला हसू आले. त्यालाही एकदम हुरूप आला. "पुरोहित घेतात, तर आम्हीही घेतो. होऊन जाऊ दे!"

कनकीने शेगडी पेटवली. भांडे आधणाला ठेवले. सुंठ, मिरी, पिंपळी पडली, तुळस पडली, निर्गुडीचा पाला पडला, आणि तळघरभर असा झणझणीत वास सुटला, की राजा शिंकू लागला. राजा शिंकला म्हणून सभाही शिंकू लागली. बोधिसत्त्वांनी पिंगलाचा हात पाहिला, वय लक्षात घेऊन त्याची मात्रा कमी केली, गूळ थोडा जास्त घातला. मग ज्याने त्याने आपापला पेला गरम गरम घेतला. सारंगाला जशी घोंगडी दिली होती, तसे एकेक कांबळे तिघांनीही पांघरले. ते दृश्य काय वर्णावे! अंजनपूरचा राजा, राजाचा पुरोहित आणि होऊ घातलेला राजवैद्य, तिघेही नाकापर्यंत कांबळ्यात.

बराच वेळ गेला. आधी बोधिसत्त्वांच्या कपाळावर थेंब उमटले. त्यांचे कोणाला काही वाटले नाही. मग पिंगलाच्या टकलावर काहीतरी चमकले. पिंगलाने ते हळूच पुसले. पुन्हा चमकले. पुन्हा पुसले. शेवटी भुवयांवरून ओघळ वाहू लागला, तसा तो हतबल होऊन म्हणाला, "पण मी... मी काय चोरलंय? अहो, मी आयुष्यात कोणाचं बोरसुद्धा उचललं नाही!"

"ठाऊक आहे मला," बोधिसत्त्व म्हणाले. "अवघ्या गावाला ठाऊक आहे."

पिंगलाने खालच्या शिळेकडे पाहिले. आजवर या शिळेवरून नदीपार गेलेली माणसे त्याला आठवू लागली असावीत. त्याचा चेहरा पडला.

इकडे राजाचीही तीच गत झाली होती. त्याच्या घामाचा ओघळ डोळ्यात गेला. आता राजाचे एक गुपित सांगायला हवे. महीधर अंगाने स्थूल होता आणि जेवायचा चांगला. दुपारच्या न्यायसभेत त्याला कधीमधी या थंडाव्यातही घाम यायचा. राजाच्या कपाळी घाम लोकांनी पाहिला तर काय म्हणतील, या धास्तीने तो मान वळवून लोडाच्या आडून हळूच वारा घ्यायचा. आत्ताही सवयीने त्याने मान वळवली, आणि त्याचा डावा हात लोडामागे गेला. बोटांना काहीतरी गार लागले.

सोन्याचा दांडा होता तो.

आणि मग राजाला सगळे आठवले. मागच्या न्यायसभेच्या दुपारी जेवण अंमळ जास्तच झाले होते. खाली येता येता त्याने राणीच्या झोपाळ्यावरचा पंखा उचलला होता. कोणी यायच्या आत चार वेळा वारा घेतला, जिन्यात पिंगलाची चाहूल लागली, आणि त्याने घाईघाईने तो लोडामागे खुपसला. नंतर निवाडा सुरू झाला आणि तो पंखा पार विसरून गेला. राणीने दासींना विचारले, शिपायांना विचारले, माळ्यावर आळ घेतला. राजाला विचारायचे कोणाला सुचणार? आणि राजाच्या आसनाला राजावाचून कोणी हात लावायचा नाही, हीसुद्धा आजोबांचीच रीत.

त्या क्षणी राजापुढे दोन वाटा होत्या. पंखा लोडामागे तसाच राहू देणे काही अवघड नव्हते. नंतर कुठेतरी सापडला असता, सारंग सुटला असता, आणि राजाची अब्रू शाबूत राहिली असती. राजाने वर पाहिले. त्याचा चेहरा पाहून बोधिसत्त्वांना काय ते कळले. पण त्यांनी नजर खाली वळवली आणि शेगडीतले निखारे सारखे करू लागले. कोणी पाहत नसताना माणसाला खरे बोलायला जास्त सोपे जाते, हे त्यांना ठाऊक होते.

राजाने पंखा बाहेर काढला.

राजाच्या कपाळावरून, गालांवरून घाम वाहत होता, आणि त्याने तो पुसला नाही.

"पिंगला," तो म्हणाला, "शिळेवरून ऊठ. तिथं मी बसायला हवं."

आणि तो खरोखरच उठला. कांबळे बाजूला पडले. तो शिळेकडे निघाला, तेवढ्यात कोपऱ्यातल्या चटईवरून क्षीण आवाज आला. सारंग होता तो. एव्हाना त्याचा ताप उतरला होता आणि डोळे निवळले होते.

"महाराज," तो म्हणाला, "आधी घाम पुसा. वारं लागेल."

हे ऐकून राजाला रडू आले. भर सभेत, सगळ्यांसमक्ष आले. कनकीने पदर सावरत पुढे होऊन एक कोरडे कापड त्याच्या हातात दिले. ती रागावलेली होती, आणि तिने तो राग लपवला नाही, पण कापड मात्र दिले.

"सारंगा, मी तुझा अपराधी आहे," राजा म्हणाला. "आणि नदीपार गेलेल्या सगळ्यांचा. पिंगला, उद्या सकाळची होडी रिकामी जाईल आणि भरून येईल. जे जे सापडतील त्यांना तू स्वतः जाऊन घेऊन ये."

"जातो, महाराज," पिंगल म्हणाला. "आणि प्रत्येकाच्या पाया पडतो."

संध्याकाळी समारंभ झाला. आवार बोधिसत्त्वांना मिळाले. राजाने विचारले, "आणखी काय हवं?" तेव्हा ते म्हणाले, "ती शिळा द्या, महाराज. तळघरात राहून फार गारठली आहे ती. आवारात उन्हात टाकू. भद्राला पिंपळी वाळवायला सपाट दगड हवाच आहे."

तशी ती शिळा उन्हात आली. पुढे अंजनपुरात लोक घाम लपवेनासे झाले. हमाल ओझे उतरवून निवांत कपाळ पुसू लागला, नवरदेव बोहल्यावर खुशाल घामाघूम होऊ लागले, आणि बोधिसत्त्वांचे रोगी पुढल्या दाराने येऊ लागले. कोणावर आळ आला, तर राजा आधी चार ठिकाणी चौकशी करायचा, आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या लोडामागे पाहायचा. राणी त्याला त्यावरून जन्मभर चिडवत राहिली.

एवढे सांगून शास्ते थांबले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा पिंगल पुरोहित म्हणजे आत्ता मान डोलावणारा हा वृद्ध भिक्षू. कनकी म्हणजे मध देणारी उपासिका उत्पला. सारंग माळी म्हणजे हा नंदिक. राजा महीधर म्हणजे सुमंगल. आणि तो वैद्य मीच होतो."

सुमंगल खाली मान घालून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा हात एकाएकी कपाळाकडे गेला. कोठारात मुंग्या झाल्या होत्या... मधाच्या गाडग्याला मुंग्या लागू नयेत म्हणून... धूर असतो तिथे मुंग्या जात नाहीत म्हणून... तो काही न बोलता उठला आणि जंताघरात शिरला. आत भट्टी धगधगत होती. वाफेत त्याने हात उंच करून फळीवर चाचपले, सरपणाच्या मागे.

तो बाहेर आला तेव्हा गाडगे त्याच्या दोन्ही हातांत होते. कपाळावरून, मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि हात गुंतल्यामुळे त्याला पुसताही येत नव्हते. सुमंगल नंदिकासमोर येऊन उभा राहिला.

नंदिकाने खांद्यावरचे कोरडे वस्त्र काढले आणि त्याचे कपाळ टिपले.

"आधी घाम पुसू या, भंते," तो म्हणाला. "वारं लागेल."

शास्त्यांनी दोघांकडे पाहिले. "भिक्षूंनो," ते समाधानाने म्हणाले, "नीट कळेपर्यंत थांबणं आणि कळल्यावर मन कोरडं होऊ न देणं, याचंच नाव प्रज्ञा." मग ते उठले आणि आजारी भिक्षूंना मध द्यायची वेळ झाली होती, म्हणून सगळेच कामाला लागले.